वजनकाटा

मे महिना. रात्र नुसती नावाला;
अकरा वाजलेत तरी मेंढवाड्याच्या फटींतून उजेड गळतोय.
कोकरांच्या वजनाचा काटा तुळईला टांगलेला,
त्याच्याखाली पालथ्या बादलीवर बसून
डॉक्टर लिंडक्विस्तबाईंनी दिलेला कागद मी तिसऱ्यांदा वाचते.

स्वरतंतूंचा पुढचा तिसरा हिस्सा टाक्यांनी शिवायचा.
तार आखूड, सूर वर.
खाली बारीक टाइपात:
आवाजाचा जोर उणावेल. खर्ज जाईल.
घोगरेपणा राहू शकतो. टाका सुटू शकतो, मग पुन्हा टेबल.
दहा दिवस अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही.
खोकला आणि शिंक मात्र, बाई हसून म्हणाल्या,
होत्या तशाच राहतील.

महिनाभर जड उचलायचं नाही.
जड म्हणजे किती?
पाच किलो.
आमचं कोकरू जन्मतं चार किलोचं.
जुळी झाली की मी नियम मोडलाच.

आमच्या भाषेत 'दमलो' वेगळं आणि 'दमले' वेगळं.
सहकारी दुकानात फोन करते:
हाल्वेग बोलतेय, फार दमलेय, पेंड उद्या पाठवून द्या.
पलीकडचा पोरगा थांबतो. मग म्हणतो,
बरं, वहिनींना निरोप देतो म्हणावं.
कुठल्या वहिनी, रे बाबा?
शब्द बाईचा, गळा बाप्याचा,
आणि पेंड येते ती थोरल्या भावाच्या दारात.

असदीस दर मंगळवारी स्क्रीनवर असते.
नळीतून पाण्यात फुंकर, गुणगुण, मग वाक्यं.
दोन वर्षांत तिनं मला एकशे अठरावरून
एकशे बासष्टवर आणलं, चाकू न लावता.
पण तो सूर मी काठोकाठ भरलेल्या वाटीसारखा धरून चालते.
ट्रॅक्टर रुतला की सांडतो.

साल्कानं गेल्या वर्षी करून घेतलं.
तिच्या आवाजाचे तुकडे माझ्या फोनमध्ये आहेत.
पहिल्या महिन्यात गंजकी बिजागरी.
सहाव्यात एक बाई, जराशी सर्दी झालेली.
पस्तावलीस का, विचारलं.
म्हणाली, संध्याकाळी सातनंतर आवाज संपतो.
चार माणसं जमली की माझं कुणाला ऐकू जात नाही.
पण झोपेतून उठून, घसा न खाकरता, फोन घेते.
आता वजन तू कर.

सप्टेंबरात डोंगरावर धुकं उतरतं.
दोनशे चाळीस मेंढ्या, मधे नदी.
माझी हाक नदी ओलांडते. बाबांची हाक आहे ती;
त्यांनी मला दिली तेव्हा मुलगा समजून दिली,
पण मेंढ्यांनी कधी विचारलं नाही.
माझ्या घशातलं तेवढं एकच मला आवडतं,
आणि हे मी असदीसला सांगितलेलं नाही.

मार्चपासून स्कुग्गीला शिट्टी शिकवतेय.
नऊ वर्षांचा कुत्रा. वळतो, बसतो,
मग मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघत राहतो:
आणि तू? तू काय म्हणतेस?

तेवढ्यात दोनशे चौदा नंबरची अडली.
पाय आधी, डोकं मागं वळलेलं.
कागद गुडघ्याखाली, हात कोपरापर्यंत आत,
आणि माझ्या तोंडून जी शिवी निघाली
ती कुठल्याही वाटीत मावणारी नव्हती.
तळातून आली. मेंढीनं कान टवकारले, जोर लावला.

चार किलो दोनशे. मादी. ओली, पिवळी, रागावलेली.
काट्यावरून उतरवताच ती ओरडली,
पातळ, फाटकी, अगदी चुकीच्या सुरात,
आणि आईनं, चाळीस कोकरांच्या कालव्यात,
मान वळवून तिलाच उत्तर दिलं.

कागद भिजलाय. 'अपेक्षा' या शब्दापुढची ओळ पुसट झालीय,
तारीख तेवढी वाचता येते: सतरा ऑक्टोबर.
सगळ्या मेंढ्या डोंगरावरून उतरल्यानंतरची.
ती मीच मागून घेतली होती.

पेन शोधते. हात आधी धुवायला हवेत.